ॲप एकदाच बनतं, निरोप रोज जातात

माझा मावसभाऊ साताऱ्यात दुधाचा रतीब घालतो. 600 घरं, चार पोरं, दोन टेम्पो. 2022 मध्ये त्याने ग्राहकांसाठी ॲप करून घेतलं. कोटेशन होतं 1,40,000 रुपयांचं. रतीब कमी-जास्त करणं, गावाला गेल्यावर दूध बंद ठेवणं, महिन्याचा हिशेब, ऑनलाइन पैसे असं सगळं त्यात होतं. निरोपांबद्दल कागदावर एकच ओळ होती: ‘एसएमएस व नोटिफिकेशन सुविधा समाविष्ट’. सुविधा खरोखरच समाविष्ट होती, पण एसएमएसचे पैसे वेगळे होते. पहिल्याच महिन्यात साडेआठ हजारांचं बिल आलं आणि तो मला फोन करून म्हणाला, “दादा, दुधात लिटरमागं मला सुटतंय किती आणि हे मेसेज खातायत किती?”

मी गेली बरीच वर्षं छोट्या व्यावसायिकांची ॲपं करतो. हाच प्रश्न मला क्लासवाले, डबेवाले, पतसंस्थेचे सचिव अशा अनेकांनी विचारला आहे. म्हणून ॲपमधल्या फक्त या एका भागाचा, म्हणजे निरोप पाठवण्याच्या भागाचा, हिशेब इथे मांडतो. इथले भाव लिहितानाचे आहेत. ते बदलतात, म्हणून ऑर्डर देण्याआधी ताजे भाव विचारून घ्या. हिशेबाची पद्धत मात्र तीच राहते.

आधी रस्ते कोणते ते पाहू. ग्राहकापर्यंत निरोप पोहोचवायचे चार रस्ते रोजच्या वापरातले आहेत: ॲपची नोटिफिकेशन, एसएमएस, व्हॉट्सॲप आणि ईमेल. त्याशिवाय ॲपमधलं चॅट आणि व्हिडिओ कॉल. प्रत्येकाचा भाव वेगळा, नियम वेगळे, कंपनी वेगळी. बहुतेक ॲपांमध्ये प्रोग्रामर जिथे गरज पडेल तिथे त्या त्या कंपनीचा कोड थेट लिहून टाकतो. दूध पोहोचलं की एसएमएसचा कोड, बिल निघालं की नोटिफिकेशनचा कोड, ओटीपीला तिसराच. काम लवकर होतं आणि दिसायलाही काही फरक दिसत नाही.

दुसरी पद्धत मॉड्यूलची. घराचं वायरिंग करताना आपण प्रत्येक खोलीची लाइन एका बोर्डावर आणतो, तिथे वेगवेगळे एमसीबी बसवतो. स्वयंपाकघरात बिघाड झाला तर तेवढाच खटका पाडायचा, बाकीचं घर चालू राहतं. तसंच इथे करायचं. बाकीचं ॲप फक्त एवढंच म्हणेल, ‘या ग्राहकाला हा निरोप दे’. कोणत्या रस्त्याने द्यायचा, तो रस्ता बंद असेल तर दुसरा कोणता, कोणत्या कंपनीकडून, हे सगळं एका वेगळ्या भागात ठरेल. एसएमएसची कंपनी बदलली तर त्या भागातला एक तुकडा बदलेल, ॲपला हात लागणार नाही.

मावसभावाच्या ॲपमध्ये बोर्ड नव्हता. एसएमएस परवडेना म्हणून त्याने पहिल्या वर्षीच सगळं नोटिफिकेशनवर नेलं. ते चाललंही. नोटिफिकेशन पाठवायची गुगलची जुनी पद्धत बंद होणार, ही घोषणा जून 2023 मध्ये झाली होती आणि 2024 च्या मध्यापासून ती प्रत्यक्षात बंद होऊ लागली. ज्याने ॲप केलं होतं त्याने ती घोषणा वाचलीच नव्हती. एका सकाळी 600 घरांपैकी एकाही घरी ‘दूध पोहोचलं’ हा निरोप गेला नाही. दुरुस्तीला त्याने 35,000 रुपये मागितले, कारण पाठवण्याचा कोड अकरा ठिकाणी लिहिलेला होता आणि अकराही जागा शोधून बदलायच्या होत्या. वेगळं मॉड्यूल असतं तर तेच काम दोन दिवसांचं होतं.

आता एकेक रस्ता घेऊ.

नोटिफिकेशन

हा सर्वांत स्वस्त रस्ता. गुगलची फायरबेस क्लाउड मेसेजिंग सेवा कितीही नोटिफिकेशन फुकट पाठवते, ॲपलची सेवाही फुकट आहे. खर्च फक्त दुकान उघडण्याचा: प्ले स्टोअरवर खातं काढायला एकदाच 25 डॉलर, आयफोनसाठी ॲपलकडे दरवर्षी 99 डॉलर. तुमचे ग्राहक मुख्यतः अँड्रॉइडवाले असतील तर पहिल्या वर्षी आयफोनच्या मागे लागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

फुकट आहे म्हणून सगळं यावरच टाकता येत नाही. अँड्रॉइड 13 पासून नोटिफिकेशन दाखवायला ग्राहकाची परवानगी लागते. ॲप उघडल्या उघडल्या, काहीही न सांगता परवानगी मागितली तर लोक नको म्हणतात. पहिला रतीब ठरल्यावर ‘दूध पोहोचलं की कळवू का?’ असं विचारून मागितली तर बहुतेक जण हो म्हणतात. शिवाय काही फोनमध्ये बॅटरी वाचवण्याची सोय इतकी कडक असते की मागे चाललेलं ॲप बंदच पडतं आणि निरोप तासाभराने येतो. त्यामुळे दहातले दोन ग्राहक या रस्त्यावर सापडणार नाहीत, असं धरूनच चाला.

एसएमएस, आणि मराठीची किंमत

इथे मी जरा थांबतो, कारण मराठीत व्यवसाय करणाऱ्याचे सर्वांत जास्त पैसे इथे जातात आणि कोटेशनमध्ये हे कुणी लिहीत नाही.

भारतात व्यावसायिक एसएमएस पाठवायचा तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या 2018 च्या नियमांप्रमाणे डीएलटी नोंदणी लागते. एखाद्या मोबाइल कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर आपला व्यवसाय नोंदवायचा. पॅन, व्यवसायाचा पुरावा, अधिकारपत्र द्यायचं. बहुतेक ठिकाणी याचं शुल्क 5,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,900 रुपये आहे. मग सहा अक्षरांचं प्रेषक नाव घ्यायचं आणि प्रत्येक निरोपाचा नमुना मंजूर करून घ्यायचा. मंजूर नमुन्यापेक्षा एक टिंब इकडचं तिकडे झालं तरी एसएमएस अडतो. निरोपात वेबसाइटची लिंक असेल तर तीही आधी नोंदवावी लागते. हा नियम ऑक्टोबर 2024 पासून आहे. या सगळ्याला आठवडाभर तरी धरा आणि ॲपचं काम सुरू होण्याआधीच नोंदणीला लागा.

एका एसएमएसचा भाव संख्येप्रमाणे साधारण 15 ते 25 पैसे, वर जीएसटी. आपण 20 पैसे धरू. पण ‘एक एसएमएस’ म्हणजे काय? इंग्रजी अक्षरांत 160 अक्षरांपर्यंत एक. देवनागरीत 70 अक्षरांपर्यंत एक. आणि ही 70 अक्षरं आपण मोजतो तशी नसतात. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘महिन्याची’ हा शब्द आपण चार अक्षरांचा वाचतो. एसएमएसचं गेटवे, म्हणजे एसएमएस पाठवून देणारी सेवा, त्याला नऊ अक्षरं धरतं.

मावसभावाचा मूळ निरोप असा होता: ‘आज 2 लिटर दूध दिले. महिन्याची बाकी रु. 1240. तक्रार ॲपमध्ये कळवा.’ ही झाली 65 अक्षरं. पुढे डेअरीचं नाव जोडलं की 70 ची रेषा ओलांडली आणि एकाचे दोन एसएमएस झाले. दोन भाग झाले की प्रत्येक भागात 67 च अक्षरं बसतात, कारण जोडणीच्या माहितीला जागा लागते. त्याचं साडेआठ हजारांचं बिल असंच आलं होतं: 600 घरं, 30 दिवस, म्हणजे 18,000 निरोप, प्रत्येकाचे दोन भाग म्हणजे 36,000, 20 पैशांनी 7,200 रुपये आणि जीएसटी 1,296. एकूण 8,496. ताजं दूध करमुक्त असल्यामुळे या जीएसटीचं इनपुट क्रेडिटही त्याला मिळत नव्हतं. तुमचा व्यवसाय जीएसटीत बसत असेल तर तेवढं क्रेडिट तुम्हाला मिळेल.

मी त्याला मराठी सोडायला सांगितलं नाही. साताऱ्यातल्या आजीबाईंना रोमन लिपीतलं मराठी वाचायला लावणं मला पटत नाही. नमुना लहान करायला सांगितलं. ‘तक्रार ॲपमध्ये कळवा’ रोज सांगायची गरज नाही. ते काढलं, डेअरीचं नाव बसलं आणि एसएमएस पुन्हा एकाचा झाला. बिल तिथल्या तिथे निम्मं.

उलट बाजूचा फटकाही लक्षात ठेवा. तुमचा निरोप पूर्ण इंग्रजीत आहे, 150 अक्षरांचा आहे, आणि त्यात कुणीतरी रुपयाचं ₹ हे चिन्ह टाकलं. ते चिन्ह एसएमएसच्या मूळ अक्षरसंचात नाही. त्या एका चिन्हामुळे सगळा निरोप देवनागरीच्या हिशेबाने मोजला जातो आणि एकाचे तीन एसएमएस होतात. वर्डमधून चिकटवलेल्या वळणदार अवतरणचिन्हांनीही हेच होतं. नमुना मंजुरीला पाठवण्याआधी साध्या नोटपॅडमध्ये टाइप करून घ्या.

ओटीपीचा खर्च वेगळा मोजा. काही जण फायरबेसच्याच फोन-पडताळणीवर ओटीपी ठेवतात, तिथे आता बिलिंग खातं जोडल्याशिवाय एसएमएस जात नाही आणि भाव डॉलरमध्ये लागतो. देशी गेटवेने नेला तर साध्या एसएमएसचाच दर. ओटीपी आपोआप भरला जावा असं वाटत असेल तर अँड्रॉइडला निरोपाच्या शेवटी 11 अक्षरांची एक खूण लागते. ती डीएलटीच्या नमुन्यात आधीपासून हवी, नाहीतर नमुना पुन्हा मंजूर करत बसाल. आणि ग्राहकाला दर आठवड्याला लॉगआउट करू नका. दूध मागवायला बँकेइतकी कडक व्यवस्था लागत नाही, प्रत्येक लॉगिनला मात्र 20 पैसे जातात.

एक धोका सांगून ठेवतो. ओटीपीच्या पानावर मर्यादा नसेल तर कुणीतरी लबाड प्रोग्राम लावून रात्रभर हजारो ओटीपी मागवतो आणि बिल तुमच्या नावावर पडतं. एका नंबरला दहा मिनिटांत तीनपेक्षा जास्त नाहीत, दोन मागण्यांमध्ये तीस सेकंद, एका इंटरनेट जोडणीवरून ठरावीकच, हे तीन अडसर मॉड्यूलमध्येच घालून घ्या. बहुतेक देशी गेटवे प्रीपेड असतात, म्हणून एकदम मोठी रक्कम भरून ठेवू नका. हजार-दोन हजारांचा भरणा पुरतो.

व्हॉट्सॲप

फोनवरचं साधं व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, पण ते हाताने चालवायचं. ॲपमधून आपोआप निरोप पाठवायचे तर व्हॉट्सॲप बिझनेस प्लॅटफॉर्म लागतो आणि त्याचे पैसे पडतात. 1 जुलै 2025 पासून हिशेब संभाषणावर न राहता प्रत्येक निरोपावर आला. भारतात सेवेचा निरोप, म्हणजे ‘दूध पोहोचलं’, ‘बिल तयार आहे’ असा, साधारण 12 पैशांच्या आसपास पडतो. जाहिरातीचा 80 ते 90 पैशांना. इथे मराठी-इंग्रजीचा भेद नाही, अक्षरांची मोजणी नाही. मराठी निरोपासाठी हा मोठा फायदा.

पण जाहिरात कशाला म्हणायचं ते तुम्ही ठरवत नाही, व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा ठरवते. रोजच्या निरोपाखाली ‘ताजं तूपही मिळेल’ एवढी एक ओळ जोडली की तो जाहिरातीचा निरोप ठरू शकतो. 18,000 निरोपांना 12 पैशांनी 2,160 रुपये लागतात. 85 पैशांनी 15,300. तुपाचं सांगायचं तर महिन्यातून एकदा वेगळा निरोप पाठवा, 600 घरांना पाचशे-साडेपाचशे रुपयांत होईल.

ग्राहकाने आधी आपल्याला लिहिलं, तर पुढचे 24 तास त्याला दिलेली उत्तरं फुकट असतात. म्हणून ॲपमध्ये स्वतःचं चॅट बांधण्याऐवजी ‘व्हॉट्सॲपवर बोला’ असं बटण ठेवा, असं मी जवळजवळ प्रत्येकाला सांगतो. स्वतःचं चॅट म्हणजे सर्व्हर, साठवण, फोटो, गैरवापर रोखणं आणि कायमची देखभाल. लहान व्यवसायाला ते झेपत नाही.

मध्यस्थ कंपन्या या सेवेसाठी दरमहा हजार ते तीन हजार रुपये वेगळे घेतात. त्यांचा डॅशबोर्ड हवा असेल तर द्या. नुसते आपोआप निरोप पाठवायचे असतील तर प्रोग्रामर थेट मेटाच्या क्लाउड एपीआयला जोडून देऊ शकतो आणि ते मासिक शुल्क वाचतं.

ईमेलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ॲमेझॉनच्या सेवेने हजार ईमेलला 10 सेंट पडतात. महिन्याचं बिल पीडीएफमध्ये पाठवायला उत्तम, तातडीच्या निरोपाला निरुपयोगी.

व्हिडिओ: क्लासवाल्यांसाठी सावधगिरी

‘ॲपमध्येच लाइव्ह लेक्चर हवं’ ही मागणी क्लासचालक हटकून करतात. अगोरासारख्या सेवेचा भाव पाहा: महिन्याला पहिली 10,000 मिनिटं फुकट, मग एचडी व्हिडिओला हजार मिनिटांमागे 3.99 डॉलर. दहा हजार मिनिटं खूप वाटतात. पण मिनिटं माणसागणिक मोजली जातात. शिक्षक एक आणि विद्यार्थी तीस, तासाभराचं लेक्चर, म्हणजे 31 गुणिले 60, 1,860 मिनिटं. फुकटचा कोटा सहाव्या लेक्चरलाच संपतो. पुढे प्रत्येक तासाला साधारण साडेसात डॉलर. डॉलर 90 रुपयांचा धरला तर 670 रुपये. महिन्याला 25 लेक्चरं असतील तर फुकटची मिनिटं वजा करूनही तेरा हजारांच्या घरात जाल. त्यापेक्षा ॲपमध्ये गुगल मीटची लिंक द्या. फुकट खात्यावर 100 जणांपर्यंतची बैठक तासभर चालते. वर्ग वाढला, फी वाढली, की मग स्वतःच्या व्हिडिओचा विचार करा. निरोपांचा भाग मॉड्यूलमध्ये असेल तर तेव्हाही तो जोडता येतो.

मग मॉड्यूलला किती लागतात?

माझ्या अनुभवात नोटिफिकेशन आणि एसएमएस थेट कोडमध्ये लिहून द्यायला चार-पाच दिवस लागतात. तेच वेगळ्या मॉड्यूलमध्ये, व्हॉट्सॲपची जोडणी धरून, नीट करायला आठ ते दहा दिवस. दिवसाला 4,000 रुपये दर धरला तर फरक 16 ते 20 हजारांचा. हा फरक द्यावा की नाही, हाच खरा प्रश्न आहे, आणि माझं उत्तर ‘द्यावा’ असं आहे. फक्त अट अशी की त्या पैशांत दोन गोष्टी मिळाल्याच पाहिजेत.

पहिली गोष्ट म्हणजे क्रम. आधी नोटिफिकेशन, ती ठरावीक वेळेत पोहोचली नाही तर व्हॉट्सॲप, तेही नसेल तर एसएमएस. हा क्रम आणि मधली वेळ तुम्हाला स्वतःला बदलता आली पाहिजे, त्यासाठी प्रोग्रामरला फोन करावा लागू नये. दुसरी गोष्ट म्हणजे वही: कोणता निरोप, कुणाला, कोणत्या रस्त्याने, किती वाजता गेला, पोहोचला का आणि त्याला किती पैसे पडले याची नोंद. महिन्याच्या शेवटी गेटवेचं बिल या वहीशी ताडून पाहता येतं. ग्राहक ‘मला कळवलंच नाही’ म्हणाला तर वही उघडून दाखवता येते.

मावसभावाने जुन्या माणसाला 35,000 देण्याऐवजी नव्याकडून अशी जोडणी करून घेतली. आता 600 पैकी 480 घरांना नोटिफिकेशन मिळते, खर्च शून्य. उरलेल्या 120 घरांचे महिन्याला 3,600 निरोप होतात. सगळे एसएमएसने गेले तरी 720 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 850 च्या आत; व्हॉट्सॲपने गेले तर 510. साडेआठ हजारांच्या जागी हजाराच्या आत. त्या पहिल्या बिलाशी तुलना केली तर जास्तीचे वीस हजार तीन महिन्यांत वसूल झाले.

शेवटचं, आणि याबाबत मी कुणाचीही सबब ऐकून घेत नाही. प्ले स्टोअरचं खातं, फायरबेसचा प्रकल्प, डीएलटीची नोंदणी, एसएमएस गेटवे, व्हॉट्सॲपचं व्यवसाय खातं, ही पाचही तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या फोन नंबरवर हवीत. प्रोग्रामरला त्यात कामापुरता प्रवेश द्या. ‘आमच्याच खात्यावरून पाठवू, तुम्हाला त्रास नको’ असं म्हणणारे चांगल्या मनानेही म्हणत असतील. पण उद्या त्यांच्याशी बिनसलं किंवा त्यांनी धंदा बंद केला, तर तुमच्या ग्राहकांना निरोप पाठवायचा हक्क त्यांच्यासोबत जातो. ग्राहकांचे फोन नंबर ही कायद्याने तुमच्यावर टाकलेली जबाबदारी आहे. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या 2023 च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आहेत आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

तेव्हा कोटेशन हातात आलं की त्यावर एक ओळ स्वतःच्या हाताने लिहा: ‘सर्व संदेश एका स्वतंत्र मॉड्यूलमधून जातील, सर्व खाती आमच्या नावावर असतील, आणि दरमहा अंदाजे किती संदेशांना किती खर्च येईल याचा तक्ता जोडावा.’ समोरचा यावर सही करत नसेल, तर आगाऊ रक्कम देऊ नका.